बसून लेझीम

नातीच्या शाळेतल्या पीटीच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवतात, पण वाजवत नाहीत. मुलींना "ए वाघिणी!" म्हणून हाक मारतात. आधी मला वाटलं, बाई नुसती आरडाओरडा करणारी आहे.

माझी बायको वारली, तेव्हापासून नातीला बोरीवलीच्या त्या शाळेत मीच सोडतो. पोरीचा एक पाय अधू आहे. गॅदरिंगच्या लेझमीत मुली तिला घेईनात. तिनं लेझीम पलंगाखाली ढकलली आणि जेवणच सोडलं. मी जाऊन बाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलींना मैदानात खाली बसवलं आणि स्वतःही धुळीत बसल्या. "आजपासून बसूनच खेळायचं. हात दाखवा गं!" कुबडीवर कमावलेले नातीचे हात सगळ्यांत चपळ निघाले. तिचं बघून बाकीच्या ठेका धरायला लागल्या. गॅदरिंगलाही लेझीम बसूनच झाली.

नंतर गेटवर मी, बायको नातीची काढायची तशी, बाईंची दृष्ट काढली. लांबूनच हात ओवाळले आणि माझ्या कानशिलावर बोटं मोडली.

बाई हसल्या. "आजोबा, हे तर आजीचं काम ना?"

"आजी नाही ना आता."

बाई एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "परत मोडा. एकच बोट वाजलं."