पुसलेली स्थळं

जळगावात आमच्या समाजाचं वधू-वर सूचक कार्यालय आहे. तिथला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. मुलामुलींची माहिती ज्या टेबलात भरलेली असते त्याला मी सरळ 'स्थळं' असंच नाव देऊन टाकलंय. कुणाची सुपारी फुटली की घरचे पेढे घेऊन येतात आणि ते नाव टेबलातून काढायचं. हे काढायचं काम नानांचं. नाना रावेरकडचे केळीवाले, समितीतले सगळ्यांत जुने. "नाव काढाचं पुण्य मले घेऊ दे व माय," म्हणायचे. घ्या बाई पुण्य! मी आपली पेढा खायची.

मेळाव्याची पुस्तिका छापायला जायची त्या सकाळी मी खाली चहा सांगायला गेले होते. तेवढ्यात नानांना फोन आला, त्यांच्याच गावातल्या एका मुलीचं जमलं. नानांनी उत्साहात मुलींच्या यादीत गाव टाकलं, आडनाव टाकलं, सगळी नावं एकदम निवडायच्या वरच्या चौकोनात खूण केली आणि दिलं काढायचं बटण दाबून. आता आमच्याकडची गावं म्हणजे अर्ध्या गावाचं आडनाव एकच. मी वर येऊन बघते तर त्या गावातली त्या आडनावाची एकही मुलगी शिल्लक नाही.

"नाना, अख्खं गाव उजवलंत की हो एका दणक्यात!"

मी हसत होते, पण नाना हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या मुलींत त्यांची सूनसुद्धा होती.

नानांचा एकुलता मुलगा ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. घरात उरले नाना आणि सून. दिवाळीनंतर नानाच तिचं स्थळ घेऊन आले होते. भाऊबंद तोंडाला येईल ते बोलले, पण म्हातारा हटला नाही. 'अपेक्षा' या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिही, पोरीले रडवू नये." मी तस्संच लिहिलं. या पुस्तिकेत नाव नाही आलं, तर पुढचा मेळावा एकदम वर्षाने. आणि वर्षभर भाऊबंदांच्या तोंडाला नाना पुरे पडले असते का, मला नाही वाटत.

दर शनिवारी मी टेबलाची एक प्रत काढून ठेवते. समितीतले चिडवतात, बाई पापडासारखं जपून ठेवते म्हणून. चिडवा! ती प्रत मी शेजारी वेगळी उघडली. पण सगळी जशीच्या तशी आणून ओतता येत नाही. आठवड्यात जी नवी स्थळं आली ती पुसली जातील, आणि ज्या मुलींचं जमलं त्यांची नावं परत उगवतील. मग त्यांच्या सासरचे चपला हातात घेऊन येतील आमच्याकडे. म्हणून प्रतीत आहेत पण टेबलात नाहीत अशी तेवढी नावं मी वेगळी काढली आणि एकेक वाचत गेले. नानांनी फक्त सांगायचं, आणायचं की राहू द्यायचं.

"हिला?"

"आन."

"हिला?"

"हिचंच तं जमलं आज. राहू दे."

मग सुनेचं नाव आलं. मी वाचलं. नानांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. पंखा घरघरत होता. मी पुन्हा वाचलं.

"पोरी, खोटं नाही सांगत," नाना म्हणाले. "ते नाव गेलं ना, तं मले बरं वाटलं व्हतं. म्हटलं, देवानंच पुसलं. कळण्याची भाकरी तिच्यावानी कोनाच्या हातची होत नाही. ती गेली म्हंजे मी त्या घरात कोनाशी बोलू?"

मी माउसवरचा हात काढून घेतला. शेवटी त्यांनीच टेबलावर हात आपटला. "आन व माय. माह्यासाठी काय तिनं जन्म काढाचा!"

मी आणलं. माहिती सगळी आली, फोटो मात्र नाही. फोटो वेगळ्या ठिकाणी असतात, आणि नाव काढलं की ते कायमचे जातात. बाकी घरांना फोन करायचं मी माझ्याकडे घेतलं. आपल्या घरी नानांनी स्वतः लावला, स्पीकरवर, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"पोरी, तुहा फोटो पुसला गेला माह्या हातानं. दुसरा लागते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पाठवते नाना," एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही आवरणार, शेजारणीला बोलावणार, संध्याकाळ होणार. कसचं काय! फोन ठेवला न ठेवला तोच फोटो आला.

आधीचा नानांनीच आणून दिला होता, आधार कार्डासाठी काढलेला, घाबरल्यासारखा. हा वेगळाच. मोरपंखी साडी, कपाळावर बारीक टिकली, केसांत मोगरा, आणि मान जराशी कलती करून मनापासून हसणारी बाई. नानांनी फोन डोळ्यांपाशी नेला. कितीतरी वेळ बघत राहिले.

"काढून ठेवला व्हता तिनं," ते हळूच म्हणाले. "मी कधी मागतो, वाट पाहत व्हती पोरगी."

उपरण्याने डोळे पुसले, आणि फोन माझ्या हातात दिला.

"हाच लाव. मोठा लाव."