पितळेच्या कप्प्या

माझी बायको गेल्या माघात गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की तिच्या बापाचंच आधी आठवतं, म्हणून तिथूनच लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. वेडंवाकडं असेल ते असेल.

सासरा तांडेल होता. गलबतावर त्याचा शब्द चालायचा. कोकणातून कौलं, लाकूड भरायचं आणि मुंबईला आणून उतरवायचं, हा त्याचा धंदा. आमच्या लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर शेवटची खेप घेऊन निघाला तो पोचलाच नाही. फळी नाही सापडली, माणूस नाही सापडला. बायको पंधरा दिवस रोज लालबागहून दारूखान्याच्या बंदरापर्यंत चालत जायची, आलेल्या प्रत्येक गलबताला विचारायची आणि परत येऊन भात टाकायची. मी गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर. मला सुट्टी कुठली.

अंगाचं काही हाती लागलं नाही तर बाकीच्यांत दर्भाचा पुतळा जाळतात. आमच्या वाडीतल्या दर्यावर्दी लोकांत तसं नाही. हातभर गलबत करायचं, सर्वपित्रीला मोठी ओहोट लागली की त्यात माणसाच्या नावाचा नारळाचा तुकडा आणि चिमूटभर तांदूळ ठेवायचे, पोटच्या पोराने दोर ओढून शीड चढवायचं आणि सोडून द्यायचं. गलबत नजरेआड झालं की माणूस गेला. मग बायको कुंकू पुसते, मग त्याचं श्राद्ध, पान, सगळं सुरू होतं. तोपर्यंत काही नाही. तो ना इकडचा, ना तिकडचा.

ह्या चालीला दोन नियम. गलबताचं अंग कोणीही करून दिलं तरी वरचं सामान घरच्या पुरुषाने स्वतःच्या हाताने करायचं. म्हणजे कप्प्या, कड्या, आकडे, दोर ज्याच्यातून जातो ते सगळं. आणि गलबताला पाणी एकदाच लागायचं. आधी पाण्यात घालून बघायचं नाही. सासऱ्याला मुलगा नव्हता. घरचा पुरुष म्हणजे मी.

अंग गिरणीतल्या सुताराने सागाच्या एका तुकड्यातून कोरून दिलं, वर फळ्या बसवून खिळे मारले. सामान मात्र महिनोन् महिने राहिलं, कारण मला वेळ नव्हता. वेळ मिळाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या भानगडीत. त्या हिवाळ्यात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, गिरण्या बंद. गॅलरीत उभं राहिलं तरी खालून पोलीस काठी दाखवायचे. खोलीत बसून बसून माणूस सडतो. मी खिडकीच्या चौकटीला वाइस, म्हणजे काम धरून ठेवायची लोखंडी पकड, बसवला आणि कामाला लागलो.

कप्पी म्हणजे दोर फिरायची चाकी आणि तिच्या दोन बाजूंच्या भिंती. गलबतावर ती नारळाएवढी असते. मला करायची होती चण्याएवढी, आणि मोठी झाली तर वाटाण्याएवढी. लाकूड आणायला बाहेर पडायची सोय नव्हती. घरात डब्यात पितळेच्या कांड्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड. म्हटलं, लाकडाला काय सोनं लागलंय? पितळेचीच करू.

आरीने कांडीच्या चकत्या पाडायच्या. हातड्रिलने मधोमध भोक. मग चकती खिळ्यावर चढवून ड्रिलमध्येच पकडायची, बायकोने मूठ फिरवायची आणि मी कानशीची धार लावून कडेला खाच पाडायची, दोर बसेल एवढी. आस म्हणून स्टोव्हची पिन. आकडे छत्रीच्या काडीचे. दहातल्या चार चकत्या भोक तिरकं पडून वाया जायच्या. बायको मूठ फिरवता फिरवता म्हणायची, "सावकाश घ्या. बाबांका घाई नाय."

दोर तिने केला. गिरणीच्या सुताचे तीन पदर मांडीवर वळून त्याला मेणबत्तीचं मेण चोळलं. शीड मांजरपाटाचं.

शेजारी येऊन बघायचे. कर्फ्यूत दुसरा तमाशा काय होता? एक जण म्हणाला, "काय रे, मुंबई नाही दिली तर गलबतात घालून मालवणला नेणार काय?"

दुसरा म्हणाला, "ह्याच्या गलबतात मुंबई कसली मावते, ह्याची सासू मावली तरी खूप."

बायकोही हसली. बाप गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीपण त्यांना शिवी दिली नाही.

कर्फ्यू उठला, गिरण्या सुरू झाल्या, पण आता मला नाद लागला होता. पाळी सुटली की येऊन बसायचो. अठरा कप्प्या झाल्या. डोलकाठीच्या टोकाला पितळेची टोपी घातली, परभाणाला, म्हणजे शीड बांधतात त्या आडव्या काठीला, पितळेच्या कड्या. राखेने घासलं तर देव्हाऱ्यासारखं चमकायला लागलं. बायकोने दोर ओढला आणि शीड न अडखळता वर गेलं. ती बघत राहिली. म्हणाली, "बाबांच्या गलबतावर असलां कायच नव्हतां."

मला वाटलं, वाखाणते आहे.

गणपती झाल्यावर एक म्हातारा खलाशी घरी आला. तो सासऱ्याबरोबर वीस वर्षं गलबतावर होता. डोळे अधू झाले म्हणून उतरला आणि ठाकूरद्वारला पुतण्याकडे राहू लागला, म्हणून वाचला. मीच त्याला बोलावलं होतं, खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला. बायको नळावर गेली होती. म्हाताऱ्याने गलबत हातात घेतलं. बोटांनी एकेक कप्पी चाचपली, चाकी फिरवली. मग गलबताचा तळ तळहातावर ठेवून हात सैल सोडला. गलबत आडवं पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा आडवं.

"जावयांनू, वर जड झालां," तो म्हणाला. "ह्यां पाण्यात उभ्या रवाचां नाय."

"हातावर कसं राहील? पाण्यात राहील की."

"पाणी माज्या हातापेक्षा वायट. असा करा, हलक्या लाकडाच्यो कप्प्यो घाला. नायतर फळ्यो काडा आणि पोटात शिसां ओता."

फळ्या काढायच्या म्हणजे खिळे उपटायचे, रंग दिलेला तो जायचा. कप्प्या बदलायच्या म्हणजे सहा महिने पाण्यात. मी तापलो. म्हटलं, "काका, मी फिटर आहे. दहा फूट शाफ्ट मी केसाचाही फरक न ठेवता सरळ बसवतो. तोल काय तो मला तुमच्याकडून शिकायचा?"

म्हाताऱ्याने गलबत खाली ठेवलं. खिशातून सुरी काढली आणि चुलीजवळच्या ढलप्यातून तिथल्या तिथे एक कप्पी कोरली. वाकडीतिकडी, दाताने फोडलेल्या सुपारीसारखी. माझ्या पुढ्यात ठेवली. तेवढ्यात बायको हंडा घेऊन आली. म्हाताऱ्याने विषय बदलला. तो गेल्यावर ती कप्पी मी चुलीत टाकली.

तिला काही सांगितलं नाही. तिने मला सहा महिने मूठ फिरवून दिली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार की सगळं उपट?

सर्वपित्रीला सासू गावाहून आली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. गलबत दिसेनासं झालं की वाळूतच त्या फोडायच्या, असं ठरलं होतं. ती शांत होती. म्हणाली, "सुटात बिचारो." गावाला म्हाताऱ्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत आणि विधवांतही बसू द्यायच्या नाहीत. तिलाही कुठल्या तरी एका बाजूला जायचं होतं.

आम्ही चौघं गिरगावच्या चौपाटीवर गेलो. मी, बायको, सासू आणि म्हातारा. दुपारी भरती फिरली, ओहोट लागली. मी गलबत डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यात गेलो. बायको लुगडं खोचून माझ्या मागे. तिने नारळ-तांदूळ ठेवले, दोर धरला आणि ओढला. अठरा कप्प्या एकदम फिरल्या. शीड वर गेलं, वारा भरला. तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं. "सोडा," म्हणाली.

मी सोडलं. दहा-बारा हात झकास गेलं. मला आठवतं, मनात म्हाताऱ्याला म्हटलं, बघ. मग एक लाट बाजूने आली, मोठीही नव्हती. गलबत कललं. उठायला बघितलं, उठलं नाही. डोलकाठी पाण्यात गेली, शीड पाण्यावर पसरलं, बूड वर आलं. तसंच लाटेबरोबर हेलकावत परत आमच्याकडे आलं आणि बायकोच्या कमरेला लागलं.

ती किंचाळली नाही. तिने ते उचललं पण नाही. नुसती बघत होती. पाणी गळ्यापर्यंत आलं असताना माणूस जसा श्वास घेतो तसा श्वास घेत होती. तिचा बाप कसा गेला असेल ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी दाखवलं.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याला दूरचं दिसत नव्हतं, पण काठीवर हात ठेवून तो मान खाली घालून उभा होता. त्याला कळलं होतं.

आणि मग सासू हसायला लागली. वाळूत उभी राहून, दोन्ही हात वर करून. "बघलंस गे? तो जाऊक तयार नाय! परत इलो! जित्तो आसा तो खंयतरी!" कपाळावर हात ठेवून म्हणाली, "माज्या कुंकवाक कोणी हात लावू नकात."

तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य. आई, तो नाही परत आला, माझं पितळ जड झालं. तेवढं बोलायला किती वेळ लागतो? चौपाटीवर माणसं थांबून बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी काठावर येऊन ओलं धोतर पिळत बसलो.

परत निघताना म्हाताऱ्याने माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "मी सांगूचंय नाय. तुमचां घर. पण तुमी सांगा. एका माणसाक एकदाच सोडतत. आता दुसऱ्यांदा नाय जमाचां. निदान तेंका खरां तरी कळांदे."

"सांगतो," म्हटलं. पुढच्या वर्षी तो वारला. मला विचारणारं कोणी उरलं नाही.

सासू पुढे बावीस वर्षं जगली. बावीस वर्षं कुंकू. वटपौर्णिमेला वडाला दोरा. दर पावसाळ्याआधी घराच्या ओटीवर येऊन बसायची, पाऊस लागला की आत जायची. मेली तेव्हा हिरव्या चोळीने, ओटी भरून नेली. गावच्या बायका म्हणाल्या, भाग्यवान. माझी बायको त्या बायकांकडे बघत राहिली.

बायकोचं वेगळं. आईसारखा विश्वास तिला ठेवता आला नाही आणि सोडताही आला नाही. पितृपक्षात बापाचं पान वाढायचं की नाही, दरवर्षी प्रश्न. वाढलं तर जित्या माणसाला मारलं, नाही वाढलं तर मेलेला उपाशी. दरवर्षी मला विचारायची, "काय करू?" दरवर्षी मी म्हणायचो, "तुला वाटेल ते कर." ती स्वयंपाक करायची, पान मांडायची आणि वाढता वाढता हात थांबायचा. मग ते पान उचलून ठेवायची. मी पेपर तोंडासमोर धरायचो.

राज्य झालं तेव्हा लालबागला दिवे लागले, पेढे वाटले. बायको गर्दीत माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांका कळलां असतां तर नाचले असते." मग माझ्याकडे बघितलं, असं बोलावं की नाही म्हणून.

मी वाईट माणूस नाही. दारू प्यायलो नाही, तिच्या अंगावर हात टाकला नाही, पगार तिच्या हातात दिला. लोक म्हणतात, चांगला संसार केला. केला. पण ह्या एका गोष्टीत मी माझं फिटरपण वाचवलं आणि दोन बायकांचा जन्म त्यात घातला. पहिल्या वर्षी लाज होती. दहाव्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर विचारेल दहा वर्षं काय केलंस. विसाव्या वर्षी त्याहून जास्त. गंज चढतो तसं. जितका उशीर तितका बोल्ट घट्ट.

गेल्या वर्षी ती इस्पितळात होती. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरने मला बाहेर नेऊन सांगितलं होतं, आणि तिलाही न सांगता कळलं होतं. संध्याकाळी पाच वाजता, भेटायची वेळ. बाजूच्या खाटेवरच्या बाईचे पाहुणे हसत होते. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "बाबांचां सगळां तसांच रवान गेलां."

मी तिचा हात धरला होता. तिची बोटं बारीक झालेली, अंगठी सुताने गुंडाळून बसवलेली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही, पण वाट बघत होती असं मला वाटलं. मला नुसतं तसं वाटलंही असेल.

मी म्हटलं, "चहा आणू?"

तिने मान पुन्हा छताकडे वळवली. मग म्हणाली, "आणा."

कॅन्टीनमधून आणला. दोन घोट घेतले, साखर कमी आहे म्हणाली, बाकीचा मी प्यायलो. त्यानंतर ती आठ दिवस होती. बोलत होती, ओळखत होती. मी रोज दोन्ही वेळा जात होतो, आणि रोज स्टुलावर बसून तिला चाळीत कोण आलं, नळाला पाणी किती वाजता आलं, ते सांगत होतो.