वीणा गळ्यात आणि फोन खिशात

तुरुंगातून आलेल्या फोनला उलटा फोन लावता येत नाही. तो आला तर आला. आमचा मुलगा वर्षभर पुण्याच्या तुरुंगात कच्चा कैदी आहे. गावातल्या एका मारामारीत त्याचं नाव आलं. खरं की खोटं ते कोर्ट ठरवील. आठवड्यातून एकदा त्याची पाळी येते आणि माझ्या मोबाईलवर पुण्याचा एक लँडलाईन नंबर उमटतो. त्या दिवशी मी विहिरीकडे जात नाही, तिथे रेंज नसते. आंघोळीलाही फोन बायकोच्या हातात देऊन, दार अर्धं उघडं ठेवून बसतो. पण एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "आबा, नुसत्या तारखा पडत्यात. माझ्यापायी तुम्ही मान खाली घालून फिरताय. आता मी फोन करणार न्हाई. मला मेला समजा." मी तोंड उघडायच्या आत त्याची वेळ संपली.

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात येरझाऱ्या घालत होतो. कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या बाया मात्र नेमाने फोन करत होत्या.

त्यातच गावात सप्ताह बसला. मंडपाच्या कमानीवर पुढाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे की त्यांच्यात पांडुरंगाला शोधावं लागतं. पंगतीचा खर्च कुणी उचलला हे माईकवर देवाच्या नावापेक्षा स्पष्ट ऐकू येतं. हे मी दरवर्षी घरी बसून बोलतो. यंदा बायकोने मला न विचारता वीणेच्या पहाऱ्याला माझं नाव दिलं. म्हणाली, "नावं ठेवायला तोंड हाय, तर नाव घ्यायलाबी जावा. देव न्हाई भेटला तर पाय तरी दुखतील. तेवढंच चित्त पायात ऱ्हाईल."

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकत नाही. पहारेकरी ती गळ्यात घालून देवापुढे उभा राहतो आणि नाम घेत राहतो. पुढचा आला की ती त्याच्या गळ्यात जाते. मध्ये नाम थांबलं तर सप्ताह खंडित झाला असं मानतात. मोबाईल बंद ठेवण्याचा नियमही आहे. मी तो व्हायब्रेटवर ठेवून खिशात टाकला.

माझी पाळी दुपारची. जेवणं उरकून गाव आडवं झालेलं, जोडीचा टाळकरी घरी गेलेला. माझ्यानंतरच्या आप्पांचा पत्ता नव्हता. मी 'राम कृष्ण हरी' म्हणत उभा होतो, म्हणजे तोंड म्हणत होतं. मन तुरुंगाच्या भिंतीशी होतं. आणि खिसा थरथरला. एका हाताने फोन काढला. पुण्याचा तो नंबर.

वीणा गळ्यात ठेवून फोन कानाला लावता आला असता. पण बोलायचं तर नाम थांबवावं लागणार. इतरांच्या भाबडेपणाला हसण्यात आयुष्य घालवलेला मी, पण माझं तोंड थांबेना. वाटलं, थांबलो आणि पोराला काही झालं तर? फोन तळहातात थरथरत होता आणि मी रडवेल्या आवाजात नाम घेत होतो.

तेवढ्यात मंडपातल्या माठाशी पाणी पीत असलेला एक माणूस माझ्याकडे बघताना दिसला. कुरकुंभच्या एखाद्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून निघालेला असावा. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "घर का फोन है, बाबूजी?" त्याने विचारलं. मी नाम घेत मान हलवली. त्याने चपला काढल्या, नळावर हातपाय धुतले आणि पुढे आला. "लाइए. हमारे गाँव में भी अष्टयाम बैठता है, आठों पहर नाम चलता है. मालूम है हमको, रुकना नहीं चाहिए." माझा शब्द संपायच्या आत त्याने आपल्या चालीत 'राम कृष्ण हरी' उचललं आणि वीणा गळ्यात घेतली.

तोवर फोनची थरथर थांबली होती.

मी बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. फोनचा काळा पडदा बघत राहिलो. तिकडची पाळी गेली की गेली, हे मला ठाऊक होतं. आता देवाला काय सांगावं तेही सुचेना. "तुझं तू बघ," एवढंच मनात आलं. आणि फोन पुन्हा थरथरला.

"आबा, उचलला का न्हाई? मला वाटलं, तुम्हीबी तोडलं."

"न्हाई रे. वीणा होती गळ्यात."

"तुमच्या?" तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "मग देवाचं काय खरं न्हाई."

"परत कसा लावू दिला तुला?"

"माझी पाळी संपली हुती. मागं एक म्हातारा हुता लायनीत. म्हणला, माझ्या येळात लाव, मला उचलणारं कोण न्हाई. आबा, आईला म्हणावं, पुढच्या आठवड्याला लावतो."

मी परत गेलो तेव्हा तो माणूस डोळे मिटून नाम घेत होता. वीणा देऊन तो माझ्या पाया पडला. तशी रीतच आहे. मीही त्याच्या पाया पडलो, पण रीत म्हणून नव्हे. मागून आलेले आप्पा कुजबुजले, "कोण हुता ह्यो? गळ्यात माळ तरी हुती का?" माझ्या तोंडात नाम होतं. उत्तर द्यावं लागलं नाही.

त्याचं नाव मला माहीत नाही, त्या म्हाताऱ्याचं मुलाला माहीत नाही. याला चमत्कार म्हणावं की योगायोग, या वादात मी पडत नाही. एकाने माझं ओझं गळ्यात घेतलं, एकाने आपली पाळी दिली, आणि त्या वेळी मी काहीच करू शकत नव्हतो, एवढं खरं. तो म्हातारा नेमाने लायनीत उभा राहतो, उचलणारं कुणी नसताना. त्याच्यासाठी बायको रोज एक फूल वाहते. आता मी तिला नावं ठेवत नाही.

फोनच्या दिवशी मी अजूनही विहिरीकडे जात नाही; तेवढी श्रद्धा माझ्यात आलेली नाही. पण आंघोळीला बसताना दार पूर्ण लावून घेतो.