दादाचा वाटा

इथे मस्कतच्या मेसमध्ये एकाने पाव मोडून सगळ्यांना वाटला आणि स्वतःला ठेवायलाच विसरला. मला आमचा थोरला दादा आठवला. वय चाळीस, समज सहा वर्षांच्या पोराची.

दादाला सांभाळेल त्याला दादाची जमीन, म्हणून मधले दोघे भाऊ भांडत होते. मी धाकटा बाळू, सातवी नापास, फोनवर नुसता घाबरून ऐकत होतो. आई वैतागली, "दादा, तूच कर बाबा वाटे!"

आमच्यात वाटे करणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. दादाने जमीन म्हणून चिंचोक्यांचे तीन ढीग केले. परदेशात असलेल्या माझाही एक धरला.

"आणि तुझा रे?" आईने विचारलं.

"मला कशाला? मी तिघांकडे जेवणार. बाळूकडे विमानानं."

मधल्यांतला एक ओशाळून म्हणाला, "विमान मिळेस्तोवर माझ्याकडे जेव. जमीन तुझ्याच नावावर राहू दे."

मी माझा अर्धा पाव त्या विसरभोळ्यापुढे सरकवला.