बसवून ठेवलेला माणूस

हवालदारानं काठीचं टोक भाकरीखाली घातलं आणि भाकरी उलटी केली. खाली सुकटीची चटणी होती. तीही त्यानं काठीनंच पसरून बघितली.

"बापानं चोरल्याली मोटर ह्यात दडिवली का काय गं?" तो म्हणाला. व्हरांड्यातले सगळे हसले.

मी तिसरीत होते. आदल्या दिवशी शाळेत सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं होतं. वेणीची नवी रिबिन मी अजून काढली नव्हती. आईनं फडक्यात भाकरी बांधून दिली होती, ठाण्यात बाला नेऊन दे म्हणाली होती. बा ठाण्याच्या अंगणात खराटा मारत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. भाकरी फडक्यावरून घसरून मातीत पडली तेव्हा तो आला, ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ली.

आम्ही कातकरी. मुळशीतल्या डोंगराच्या अंगाला आमची वाडी. खाली कासार आंबोलीकडं पुण्याच्या लोकांचे बंगले. शनिवार-रविवारी तिथं दिवे लागतात, एरवी कुलूप. कुलपातल्या घरात कधी ना कधी चोरी होणारच. पाण्याची मोटर जायची, नळ जायचे, एकदा कुणाची तरी पितळेची घंटा गेली. चोर कोण ते देव जाणे. जीप मात्र थेट आमच्या वाडीवर यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पुस्तकात वाचायच्या आधी अंगणात बघितलं. बा दिवसभर ठाण्यात. अंगण झाड, जीप धू, पाणी भर. मारही असायचा, पण त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही. अंधार पडायच्या बेताला "जा" म्हणायचे.

त्या दिवशी त्याला सोडलं तेव्हा मी फाटकाबाहेरच बसलेली होते. आम्ही दोघं चढ चढत वाडीकडं निघालो. मी रडत होते. भाकरीसाठी नाही, लोक हसले म्हणून. बा म्हणाला, "त्यो आत बसल्याला चष्मेवाला बघितलास का? त्याच्या हातात पेन व्हतं. समदं लिवत्यात ते. आज हेला आनला, हेच्याकडं काय बी घावलं न्हाई, असं लिवतोय त्यो. लिवल्यालं कुटं जात न्हाई बाय."

मी रडायची थांबले. मला ते पटलं. मोठेपणी कळलं की बा ह्याच एका गोष्टीवर जगत होता. काठी खाल्ली, खराटा मारला, पण आत कुठंतरी आपण निर्दोष असल्याचं लिहून ठेवलेलं आहे, दर वेळेला नव्यानं लिहिलं जातंय, असं तो धरून चालला होता.

आश्रमशाळेत शिकले. धावायला पहिल्यापासून चांगली होते. पोलीस भरतीत लागले. लोक विचारतात, ज्यांनी बापाला मारलं त्यांच्यातच का गेलीस? मला पोलीस नव्हतं व्हायचं. मला तो पेनवाला व्हायचं होतं. बाची छाती दुखायला लागली तेव्हा मी बदली मागून घेतली आणि नेमकी त्याच ठाण्यात आले. अंगण तेच. भिंत नवीन रंगवलेली.

माझ्याकडं माहिती अधिकाराचं टेबल आलं. लोक अर्ज करतात, मी कागद शोधून उत्तराचा मसुदा करते, सही साहेबांची. कुणाला अपघाताचा पंचनामा हवा, कुणाला भावकीच्या भांडणातली तक्रार. महाळुंगेतले फ्लॅटवाले चार-चार पानी इंग्रजी अर्ज देतात, त्यांना साहेब चहा पाजतात. वाडीवस्तीवरचं कुणी आलं तर "उद्या ये". टेबलावर बसल्यावर पहिल्या महिन्यातच मला एक गोष्ट कळली. आमच्याकडं एक शब्द चालतो, बसवणे. अटक नाही, नोटीस नाही. नुसता बसवलाय. "त्याला बसवून ठेव." असा बसवलेला माणूस कुठंच लिहीत नाहीत. लिहिला तर का आणला ते सांगावं लागतं. चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस लागते, ती देणार कोण?

हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाला सांगायचं धाडस झालं नाही. त्याचं एवढं एकच तर होतं.

आणि मग एका सकाळी बा स्वतःच अर्ज घेऊन ठाण्यात आला.

मला न सांगता आला. अंगणवाडीच्या ताईंकडून लिहून घेतलेला अर्ज, खाली त्याचा अंगठा. माझ्या टेबलासमोर खुर्ची होती. मी म्हटलं, "बा, वर बस."

"नगं. हितंच बरं हाय," तो म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला. सवयीची जागा.

माझ्या धाकट्या भावाला एका बंगल्यावर बागकाम मिळालं होतं. महिन्याभरात मालकांना कुणीतरी सांगितलं, ह्याच्या बापाला पोलीस उचलून न्यायचे. मालकांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बानं त्यावर विचार करून हा उपाय काढला होता. अर्जात लिहिलं होतं: मला आजपर्यंत ठाण्यात कितीदा आणले आणि माझ्याकडे काय सापडले, त्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात.

"काय बी घावलं न्हाई, असं लिवल्यालं आसंल ना?" बा म्हणाला. "त्यो कागुद मालकाला दावायचा. मंग घेतील त्येला परत."

मी अर्ज घेतला, पोच दिली. साहेबांनी अर्ज वाचला आणि हसले. "घरचाच अर्ज आहे. तूच काढ उत्तर."

मी शोधलं. नियमानं केव्हाच नष्ट व्हायला हव्या होत्या अशा जुन्या स्टेशन डायऱ्या, ठाण्यातल्या रोजच्या नोंदींच्या वह्या, मागच्या खोलीत पडून होत्या. बऱ्याच वाळवीनं खाल्लेल्या. तरी मी एकेक पान उलटलं. जीपमध्ये डिझेल भरलं त्याची नोंद. मोकाट बैल धरला त्याची नोंद. कुणी रजेवर गेलं, कुणी परत आलं. बा कुठंच नाही. मग मला ती रिबिन आठवली, तो दिवस आठवला. सत्तावीस जानेवारीचं पान सापडलं. निम्मं पान शाबूत होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात होतं: ठाण्याचे आवार स्वच्छ करून घेतले.

करून घेतले. कुणाकडून, ते नाही.

मी त्या खोलीत जमिनीवर बसून रडले. कुणाला लाजायचं कारण नव्हतं, तिथं कुणी येत नाही. माझ्या बापाच्या हातचं अंगण सरकारी कागदावर चढलं होतं. माझा बाप चढला नव्हता.

मसुदा केला. जे खरं तेच लिहिलं: उपलब्ध अभिलेखात अर्जदाराबाबत नोंद आढळून येत नाही. साहेबांनी तो वाचून बाजूला सारला.

"असं नाही. 'अर्जदारास ठाण्यात कधीही आणलेले नाही' असं लिही. नोंद आढळत नाही म्हटलं की तो वर अपिलात जाईल, आणलं होतं तर नोंद का नाही विचारील."

"साहेब, आणलं होतं. मी भाकरी घेऊन आले होते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तू तेव्हा पोलीस होतीस?"

"नाही."

"मग तुझ्या बघण्याला काय किंमत?"

शेजारच्या टेबलावरचा जमादार, मला ताई म्हणणारा, माझ्या डब्यातली सुकट मागून खाणारा, तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. वर्दी घातली तरी वाडी सुटत न्हाई." आणि तसंच हसला. व्हरांड्यात हसले होते ना, तसंच. मला वाटलं माझ्या हातात पुन्हा ते फडकं आहे.

पण आता मी तिसरीत नव्हते. मी मसुदा उचलला आणि म्हटलं, "हे वाक्य मी लिहिणार नाही साहेब. नोंद नाही, हे लिहीन. आणलं नाही, हे लिहिणार नाही."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," जमादार हळूच म्हणाला.

साहेबांनी ते वाक्य दुसऱ्याकडून टाईप करून घेतलं, सही केली आणि पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "घरीच जातेस ना? तूच दे नेऊन."

मी ते पाकीट घेऊन चढ चढले. बा ओट्यावर बसला होता. पाकिटावरचा शिक्का बघून त्याचं तोंड उजळलं. मला अजून ते तोंड दिसतं, आणि आपल्याला लिहिता-वाचता येतं ह्याचाच राग येतो. वाचून दाखवायला मीच होते. वाचलं.

त्यानं पाकिटावरचा शिक्का बोटानं चाचपला. मग म्हणाला, "मंजी मी गेलोच न्हवतो?"

"असं लिहिलंय."

"त्यो चष्मेवाला मंग काय लिवत व्हता?"

मी कागद ओट्यावर ठेवला.

त्यानं स्वतःचे तळवे वर करून बघितले. "मंग त्ये अंगान कुनी झाडलं?"

डायरीतल्या त्या ओळीबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, अपील करू, मी लिहून देते, साक्षीला मी उभी राहते. त्यानं कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "नगं. इतकी वरसं वाटत व्हतं, कुटंतरी लिवल्यालं हाय. आता काय मागायचं?" त्या दिवसापासून बा खाली उतरत नाही. दवाखान्यालासुद्धा उतरत नाही. रस्ता ठाण्यावरून जातो. डॉक्टर छातीचं म्हणतात. मला ठाऊक आहे त्याचं काय मोडलंय ते, आणि ते जोडायला माझ्याकडं काही नाही.

भावाला काम परत मिळालं नाही.

पंधरवड्यानं परत एका बंगल्यातली मोटर गेली. डायरी लिहिणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर त्या दिवशी मी होते. जीप वाडीवरून आमच्यातल्याच एकाला घेऊन आली. मजुरीला जाणारा, दोन लेकरांचा बाप. तो खाली मान घालून पायरीवर बसायला गेला.

"बसवून ठेव याला," साहेब जाता जाता म्हणाले.

मी त्याला आत बोलावलं. खुर्ची पुढं केली. तो बसेना. "बस दादा," मी म्हटलं, "बसल्याबिगर लिवता यायचं न्हाई मला." तो कडेकडेनं बसला. मी त्याचं नाव विचारलं. वडिलांचं नाव विचारलं. मग डायरीला चढवलं: अमुक यास अमुक वेळी ठाण्यात आणले. नोटीस नाही. साहेबांच्या तोंडी आदेशावरून बसवून ठेवले. अंगझडतीत काहीही मिळून आले नाही.

साहेब परत आले तेव्हा त्यांनी ते वाचलं. "कुणी सांगितलं होतं नोंद घ्यायला?"

"बसवून ठेवायला तुम्ही सांगितलंत साहेब. तेवढंच लिहिलंय."

त्या माणसाला घटकाभरात सोडलं. अंगण त्या दिवशी कुणी झाडलं नाही.

मला नोटीस मिळाली आहे, खुलासा द्या म्हणून. मुख्यालयात बदली होणार असं जमादार सांगतो, आता ताई म्हणत नाही. होऊ दे. बाला मी त्याचा कागद देऊ शकले नाही, आणि आता कधी देऊ शकेन असं वाटत नाही. ते दुःख माझं मी सांभाळीन. पण जिथं पाठवतील तिथंही अंगण असेल, आणि कुणीतरी खाली मान घालून खराटा मारत असेल. मी त्याच्यापाशी जाईन, त्याच्या हातातला खराटा खाली ठेवायला लावीन आणि त्याचं पूर्ण नाव विचारीन. मग लिहीन.