कुंडीत ओतलेला चहा

वेलदोड्याच्या चहाचा वास आला की मला गारखेड्यातली आमची बैठक दिसते. मी नुकतीच अणुभट्टीच्या सुरक्षेच्या कामावर रुजू झाले होते आणि वैजापूरहून पाहुणे मला बघायला आले होते. मुलगा गप्पच बसला होता, विचारत होती ती त्याची आई. "तिथं काम करणाऱ्या बाईला लेकरं व्हत नाय म्हणं?" मी म्हटलं, "होतात की. अंगावर किरणोत्सर्ग नाही ना, हे रोज तपासूनच आम्हाला बाहेर सोडतात." ती हसली, मी दिलेला कप घेऊन दारापाशी गेली आणि सगळ्यांदेखत चहा मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. मग साबण मागून नळावर हात धुतले. साबण माझ्याच आईनं नेऊन दिला. इतक्या वर्षांनी परवा आमच्याकडं नोकरीच्या मुलाखतीला एक लई हुशार पोरगी आली. तिला सोडायला आलेला बाप म्हणजे तोच गप्प मुलगा. मला बघताच त्यानं मान खाली घातली. निवड समितीची अध्यक्ष मी. पोरीला मी पहिल्या नंबरानं घेतलं, आणि थेट अणुभट्टीवरच. तिची आजी, तीच चहा ओतणारी, अजून धडधाकट आहे म्हणे. सुट्टीत नात घरी जाईल, आजीला चहा करून देईल. बघतेच आता, म्हातारी तो कुठं ओतते ते.