शेवटच्या नावाला पाय पसरायला जागा

मी पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, तरी हिंगोलीतली दुकानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती अजून माझ्याकडे येतात. आणि दर नोव्हेंबरात येतो आमच्या चर्चचा काळा फळा. वर्षभरात जी माणसं गेली त्यांची नावं, गेली त्या क्रमानं, पांढऱ्या रंगात लिहायची. रविवारच्या उपासनेत पाळक ती वाचतात आणि घरची माणसं पुढं येऊन मेणबत्ती लावतात. नावं हाताच्या अक्षरातच हवीत, असा मंडळीचा हट्ट आहे.

यंदा पहिलं नाव माझ्या वडिलांचं होतं.

वडील कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, दारावर नावाची पाटी. मी "उद्या करतो" म्हणत राहिलो. औंढ्याच्या लॉजपासून कुरुंद्याच्या हळदीच्या गोदामापर्यंत सगळ्यांच्या पाट्या झाल्या, आमचं दार कोरंच राहिलं. तसं मला कशाचंही वाईट वाटतं, कुणी चहा पाजला तरी दोन दिवस ओझं राहतं. पण ही पाटी फार टोचत होती.

आधी सगळी नावं खडूनं आखायची, जागेत बसतात का बघायचं, मगच ब्रश उचलायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. वडिलांचं नाव मी खडूशिवाय थेट ब्रशनं काढलं. टपोरं, जाड शिरोरेघेचं, झोकदार वेलांटीचं. दुसरं नाव जरा लहान झालं, तिसरं आणखी. सातव्या म्हणजे शेवटच्या नावापाशी आलो तेव्हा फळ्यावर दोन बोटांची पट्टी उरली होती. तिच्यात मी चर्चची घंटा वाजवणाऱ्या काकांना बसवलं. अक्षरं मुंग्यांएवढी.

शनिवारी सकाळी काकांच्या पत्नी, आमच्या मावशी, चर्चमध्ये झेंडू घेऊन आल्या. माझी आई तिथंच हार गुंफत बसली होती. मावशी फळ्याशी वाकल्या.

"आमचे हे जल्मभर दाराजवळच्या बाकड्यावर बसले. इथंबी दाराजवळच बसवले व्हय, बापा?"

"मावशी, जागा कमी पडली."

"पडली तं पडली. पाय तरी पसरू द्यायचे की. उंच होता मानूस."

पाळक म्हणाले, "राहू द्या, उद्याच उपासना आहे. मी नाव मोठ्यानं वाचीन."

आईनं हारातून मान वर केली नाही. "पुसून टाक समदं," ती मला म्हणाली. "तुझ्या बापाला कधी लागली एवढी जागा? खाटेवर अंग चोरून निजायचे. मोठं लिहायचं तं आपल्या दारावर लिही. तिथं कोनाची जागा जाऊन न्हाई राहिली."

रंग अजून ओलसर होता. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं आणि नावं जाऊ लागली. वडिलांचं सगळ्यांत शेवटी पुसलं. मग खडूची दोरी मारून सात सारख्या ओळी पाडल्या आणि खालून सुरुवात केली. पहिले काका. संध्याकाळच्या आत वडिलांपर्यंत पोहोचलो, तेव्हा त्यांनाही इतरांइतकीच जागा उरली होती.

रविवारी उपासना सुरू होण्याआधी मावशींनी काकांच्या ओळीला वीत लावून पाहिली, मग वरच्या ओळीलाही.

"आता बसले नीट," त्या म्हणाल्या.

उपासनेत पाळकांनी पहिलं नाव वाचलं, तर आई फळ्यासमोर डोळे बारीक करून उभी. "कुठं हायत रे तुझे वडील?"

"वरून पहिले."

"मग सापडून काहून न्हाई राहिले?"

"सगळ्यांसारखेच झालेत म्हणून."

आई गालात हसली. मेणबत्ती लावली आणि बाकाकडे परतताना माझ्या कानाशी वाकली. "आता दाराचं बघ. उद्या म्हनू नको."

उपासना संपल्यावर चहालाही न थांबता मी घरी गेलो आणि दार मोजायला घेतलं.